खालपासून भरलेलं हिरवं कुंपण: निवड, लागवड आणि छाटणी

हिरवं कुंपण चांगलं आहे की नाही हे बघायचं तर वर पाहू नका, खाली वाका. पुण्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या कडेला वरून गच्च हिरवी दिसणारी कुंपणं आहेत, पण गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या. त्यातून कुत्री शिरतात, रस्त्याची धूळ आत येते आणि शेवटी कोणीतरी खालच्या बाजूला हिरवी जाळी बांधतो. याला पाणी किंवा खत क्वचितच जबाबदार असतं. बहुतेक वेळा झाड जागेला न शोभणारं असतं, पहिली छाटणी उशिरा झालेली असते, नाहीतर कुंपणाचा माथा बुडापेक्षा रुंद ठेवलेला असतो. एकदा बूड उघडं पडलं की ते पुन्हा भरायला दोन पावसाळे जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळी कामं बुडाकडे बघून करायची.

झाड ठरवण्याआधी टेप घ्या

रोपवाटिकेत जाण्याआधी तीन मापं लागतात: लांबी, मिळणारी रुंदी आणि उन्हाचे तास. चार फूट उंचीच्या कापीव कुंपणाला बुडाशी किमान दोन फूट रुंदी लागते. भिंतीला खेटून ओळ लावली तर मागच्या बाजूला कात्री पोचत नाही, तिकडची पानं झडतात आणि झाडं उजेडाकडे, म्हणजे तुमच्याकडे, झुकतात. भिंत आणि रोपांची ओळ यांत अडीच फूट ठेवता आले तर उत्तम. दीड फूटच मिळणार असेल तर कुंपणाची उंची तीन फुटांवर थांबवा. जमिनीखालून पाण्याची लाइन, ड्रेनेजचे चेंबर किंवा विजेची केबल कुठून जाते तेही याच वेळी बघा, कारण चर खणताना पहार नेमकी तिथेच बसते.

ऊन उन्हाळ्यात नाही, तर डिसेंबरमध्ये मोजा. उंच इमारतीच्या उत्तरेकडची पट्टी तेव्हा दिवसभर सावलीत असते आणि तिथे मेंदी किंवा डुरांटा लावणं म्हणजे विरळ कुंपणाला आमंत्रण.

कोणतं झाड

पुण्यात पहिल्यांदाच कुंपण करणाऱ्याने कोयनेल लावावी. कडुमेंदी किंवा वनजाई म्हणतात तीच. मूळची समुद्रकाठची आणि खाडीकाठची असल्यामुळे बोअरचं जड, खारट पाणी ती सोसते. सोसायटीत सांडपाण्यावर प्रक्रिया करून बागेला देतात, तेही तिला चालतं. पानं कडू, त्यामुळे शेळ्या-गाई तोंड लावत नाहीत. कितीही खाली कापली तरी जुन्या लाकडातून फुटते, आणि बूड भरलेलं राखायला हाच गुण सगळ्यात मोलाचा. तिची वाढ मात्र जोरात असते. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कात्री चालवायची तयारी नसेल तर महिन्याभरात तिचं झुडूप होतं.

कामिनी, म्हणजेच कुंती, हळू वाढते, पण पान गर्द आणि लकाकतं, आणि एखादी चांगली सर पडून गेली की काही दिवसांत सुवासिक पांढऱ्या फुलांचा बहर येतो. तीन-चार तासांच्या उन्हावरही ती दाट राहते, म्हणून अर्धसावलीच्या जागेला तीच. दोष एकच, चुनखडीच्या जमिनीत पिवळी पडते. त्यावरचा उपाय पुढे दिला आहे. कामिनीवर लिंबावर येतात तशा फुलपाखरांच्या अळ्या येतात आणि कोवळी पानं खातात. त्यांना मारू नका. भरलेल्या कुंपणाला दहा-वीस अळ्यांनी काही होत नाही. रोपं अगदी लहान असतील तर अळ्या उचलून कढीलिंबावर ठेवा, त्या तिथेही वाढतात.

खरी मेंदी, हातावर लावतात ती, उन्हाला आणि पाण्याच्या टंचाईला पक्की. पण पान बारीक आणि उन्हाळ्याकडे झाड विरळ होतं, म्हणून ती लावायची तर आठ-दहा इंचांवर, दाट. पिवळा डुरांटा झटपट भरतो, पण सावलीत त्याचा पिवळा रंग जाऊन नुसता हिरवा राहतो. त्याची नारिंगी फळं विषारी असतात, त्यामुळे लहान मुलांच्या घरी फळ धरण्याआधीच छाटणी झाली पाहिजे.

राखणीचं कुंपण हवं असेल, म्हणजे फार्महाऊस, रिकामा प्लॉट किंवा टेकडीला लागून असलेली हद्द, तर करवंदाला तोड नाही. काटे दुहेरी आणि टणक, जमीन मुरमाड असली तरी चालते, आणि वैशाख-ज्येष्ठात फळं मिळतात. पहिली दोन वर्षं मात्र करवंद जागचं हलत नाही असं वाटतं. तेवढा काळ तारेचं कुंपण असू द्या आणि त्याच्या आत ही ओळ लावा. बोगनवेलही काटेरी आणि कमी पाण्यावर जगणारी, पण तिला चार फूट रुंदी सोडावी लागते. अरुंद वाटेच्या कडेला ती लावली की येणाऱ्याजाणाऱ्याचे कपडे फाटतात.

न कापता मोकळं वाढू द्यायचं कुंपण हवं असेल तर अडुळसा, निर्गुडी, जास्वंद, तगर. यांना सरळ रेषेत कापायचा हट्ट धरू नका. वर्षातून दोनदा सिकेटरने (एका हातात धरायच्या छाटणीच्या कात्रीने) लांबलेल्या फांद्या आत घ्यायच्या, बस्स. पाच-सहा फुटांचा आडोसा तयार होतो आणि फुलंही मिळतात.

काही झाडं टाळायची, आणि त्याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत. घाणेरी लावू नका, मग रोपवाटिकेत ती कितीही रंगांत मिळो. बुलबुल तिची फळं खातात आणि बी वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण-बाणेरच्या टेकड्यांवर नेऊन टाकतात, आणि तिथलं गवत, तिथली झुडपं तिच्याखाली दबून जातात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) पुण्याच्या हवेत सुरेख वाढतात, पण त्यांचा प्रत्येक भाग अतिशय विषारी आहे. शाळा, पाळणाघर किंवा पाळीव जनावरं असलेल्या जागी त्या नकोतच. शेर नावाच्या झुडपाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. फायकस दिसायला देखणा, पण त्याची मुळं ड्रेनेजच्या सांध्यांत शिरतात आणि फरशी उचलतात. मोरपंखी एकदा आतल्या तपकिरी, बिनपानाच्या लाकडापर्यंत कापली की तिथे पुन्हा कधीच फुटत नाही, भोक कायमचं राहतं. आणि भिंतीलगत ओळीने लावतात तो उंच अशोक हा कुंपणाचा प्रकारच नाही. तो वृक्ष आहे. पुढे अडचण झाली आणि तोडायचा म्हटला तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

किती रोपं, किती खत

अंतर असं धरा: मेंदी ८ ते १० इंच, कोयनेल आणि डुरांटा १ फूट, कामिनी दीड फूट, जास्वंद आणि तगर २ ते अडीच फूट, करवंद २ ते ३ फूट. चाळीस फुटांच्या ओळीला एक फूट अंतराने ४१ रोपं होतात, दोन्ही टोकांची धरून. चार-पाच जादा आणा आणि कुंडीत किंवा पिशवीतच वाढवा. मेलेल्या रोपाच्या जागी त्याच वयाचं रोप मिळालं तर सांधा दिसत नाही. वर्षानंतर बाजारातून आणलेलं छोटं रोप दोन मोठ्यांच्या सावलीत कधीच वर येत नाही. रुंदी भरपूर असेल तर नागमोडी दोन ओळी लावता येतात, दोन ओळींत एक फूट आणि रोपांत दीड फूट.

खड्डे नकोत, सलग चर खणा. दीड फूट रुंद, दीड फूट खोल. पुण्यात याचं कारण जमिनीतच आहे. बहुतेक प्लॉटवर वरची अर्धा-एक फूट माती आणि खाली मुरूम, नाहीतर बांधकामाचा राडारोडा. सुटा खड्डा मुरमात खणला की त्याची कुंडी होते, पावसाचं पाणी आत साठतं आणि मूळ कुजतं. चर सलग असला की पाणी सरकतं आणि मुळांनाही ओळीने पसरायला वाट मिळते.

चर मे महिन्यात खणा आणि तीन आठवडे उन्हात तापू द्या. विटांचे तुकडे, सिमेंटचे ढेकळ, चुन्याचा मलबा वेचून बाहेर काढा. मग एक परीक्षा: चरात तीन-चार ठिकाणी बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल तर पहारीने तळ फोडा आणि ओळ जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच वरंब्यावर लावा. हडपसर, वाघोलीकडे जिथे काळी माती लागते तिथे हे हमखास करावं लागतं. काळ्या मातीत चार पाट्या वाळू टाकून ती सुटी होत नाही. तिला शेणखतच लागतं.

चाळीस फुटांच्या चराचं माप ९० घनफूट, म्हणजे एका ब्रासला (१०० घनफूट) थोडं कमी. त्यात दोन भाग चांगली माती आणि एक भाग शेणखत धरलं तर शेणखत सुमारे ३० घनफूट लागेल. ते पूर्ण कुजलेलं, काळं, वास न येणारं हवं. कच्च्या शेणातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, वाळवी लागते, आणि कोवळी मुळं भाजतात. त्यात दर फुटाला १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा, म्हणजे सगळी मिळून ४ किलो पेंड आणि २ किलो सुपर फॉस्फेट. चर जमिनीपेक्षा चार इंच वर भरा. पहिल्या दोन जोरदार पावसांत तो बरोबर खाली बसतो.

रोप निवडताना उंचीला भुलू नका

रोपवाटिकेत तीन फुटी, एका काठीवर वर शेंडा असलेलं रोप जास्त पैशाला मिळतं आणि कुंपणाला सगळ्यात वाईट तेच. एक-दीड फुटाचं, जमिनीलगतच तीन-चार फांद्या फुटलेलं रोप घ्या. पिशवीच्या भोकांतून मूळ बाहेर येऊन खालच्या जमिनीत रुतलं असेल तर ते रोप सोडा, कारण उचलताना मुख्य मूळ तुटलेलं असतं. सगळी रोपं एकाच लॉटमधली मागा. उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावर रोपवाटिकांची रांगच आहे. शंभराच्या वर रोपं लागणार असतील तर तिथवर जाणं परवडतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे जाती पाहून ठेवता येतात, पण लागवड मात्र पावसाळ्यासाठी राखा.

कोयनेल, मेंदी, डुरांटा, जास्वंद विकत घ्यायची गरजही नाही. पेन्सिलच्या जाडीची, आठ-नऊ इंचांची, पक्व फांदी घ्या, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या, लगेच खाली तिरका द्या, दोन डोळे मातीत जातील अशी जूनमध्ये लावा. ओळखीच्या कोणाच्या कुंपणाची पावसाळी छाटणी निघाली की शेकड्यांनी काड्या मिळतात. थेट चरात लावणार असाल तर एका जागी दोन काड्या लावा. करवंद बियांपासून करतात, पण बी ताजं हवं. फळ खाल्ल्यावर धुऊन त्याच आठवड्यात पेरा, महिना-दोन महिने ठेवलेलं बी उगवत नाही.

लावणी

वळवाच्या सरीवर विसंबून घाई करू नका. आर्द्रा लागल्यावर, म्हणजे २१-२२ जूननंतर, चर एक फूट खोल ओला झाला की लावायला घ्या, आणि जुलैअखेर संपवा. ऑगस्टनंतर लावलेल्या रोपांना ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळं पसरायला वेळ पुरत नाही.

दोन टोकांना खुंट्या ठोकून सुतळी ताणा. रोपं सुतळीला नजरेने नाही, अंतराचं माप कापून घेतलेल्या काठीने लावा. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा. आतला मातीचा गोळा बहुतेक वेळा लाल, चिकट मातीचा असतो. वाळल्यावर तो विटेसारखा होतो आणि मुळं त्यातच फिरत राहतात. म्हणून गोळा न फोडता त्याच्या बाजू बोटांनी किंवा काडीने खरवडून मुळांची टोकं मोकळी करा. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर बसवा. खोल गाडलं तर पावसाळ्यात खोड मानेशी कुजतं. माती पायाने नाही, हाताने दाबा, आणि लगेच प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी द्या, वर पाऊस पडत असला तरी. त्या पाण्याने मुळाभोवतीची पोकळी भरते.

पहिली छाटणी

इथे बहुतेकांचा हात थांबतो. नुकतं जगलेलं रोप कापायचं जिवावर येतं. पण कुंपणाचं पुढचं सगळं आयुष्य या एका कापावर ठरतं. शेंडा जोपर्यंत शाबूत आहे तोपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा काढला की खालचे डोळे जागे होतात, आणि जितकं खाली कापाल तितक्या खालून फांद्या येतात. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी नवी पालवी दिसली की कोयनेल, मेंदी, डुरांटा जमिनीपासून सहा ते आठ इंचांवर कापा. कामिनी आणि करवंद एक तृतीयांश.

त्यातून आलेले फुटवे सहा इंचांचे झाले की अर्धे कापा. पुन्हा वाढले की पुन्हा अर्धे. दर वेळी कुंपण तीन इंचच वर जातं, पण तेवढे तीन इंच गच्च भरलेले असतात. या हिशेबाने कोयनेल दुसऱ्या पावसाळ्याअखेर तीन-साडेतीन फुटांवर येते आणि तिसऱ्यात चार फूट पुरे होतात. याहून घाई केली की आधी उंची मिळते आणि मग काटक्या दिसू लागतात.

आकार बुडाशी रुंद, माथ्याशी अरुंद. बुडाला २४ इंच तर माथ्याला १८. उलटं केलं तर माथ्याची सावली खालच्या पानांवर पडते आणि ती झडतात. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवला तर माथा नेहमी रुंदच होतो, कारण वरची वाढ जोराची असते. म्हणून दर दहा फुटांवर बांबू रोवा, बुडाच्या आणि माथ्याच्या मापाला सुतळ्या ताणा आणि त्यांना धरून कापा. बाजू खालून वर कापत जा, माथा शेवटी. जास्वंद, अडुळसा, तगर अशा मोठ्या पानांच्या झाडांना हेज कात्री लावू नका. पानं अर्धी तुटतात आणि कडा दोन दिवसांत तपकिरी होतात. तिथे सिकेटरच.

वर्षभराचं वेळापत्रक असं बसतं. जुलै ते सप्टेंबर कोयनेल-डुरांटा दर तीन आठवड्यांनी, ऑक्टोबर ते जानेवारी पाच-सहा आठवड्यांनी, फेब्रुवारीपासून नुसते चुकार शेंडे. एप्रिल-मेमध्ये खोल कापू नका. आतली सावलीत वाढलेली पानं आणि साल चाळिशीच्या उन्हात करपते. कामिनीची छाटणी बहर गळल्यावर लगेच करा, नाहीतर पुढच्या बहराच्या कळ्या कात्रीत जातात. कापण्याआधी फांद्या हाताने बाजूला करून घरटी बघा. बुलबुल, शिंपी आणि मुनिया कुंपणातच घरटं करतात. पिल्लं असतील तर दोन्हीकडचे तीन-तीन फूट सोडून द्या आणि ती उडाल्यावर करा.

आणखी एक काम फार कमी माळी करतात. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, सिकेटर आत घालून दर दोन फुटांवर एखाद-दुसरी फांदी हातभर आतून काढा. पृष्ठभागावर छोटी खिडकी पडते, उजेड आत जातो आणि आतलं लाकूड पानं धरून राहतं. नुसती वरवर कापत गेलेली कुंपणं बाहेरून चार इंच हिरवी आणि आत पोकळ असतात.

पाणी, खत, रोग

पावसाने दडी मारली तर पहिल्या महिन्यात दिवसाआड पाणी, हिवाळ्यात चार दिवसांनी, पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी. ठिबक करायचं तर १६ मिमीची नळी, दर दोन फुटांवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर. चाळीस फुटांना २१ ड्रिपर म्हणजे तासाला ८४ लिटर. वरून फवाऱ्याने पाणी देऊ नका, पानांवर क्षारांचे पांढरे डाग पडतात. बुडाशी तीन इंच पालापाचोळा अंथरा, खोडापासून दोन बोटं दूर. सोसायटीतला पाला जाळला जातो तोच इथे कामाला येतो. खत जूनमध्ये आणि ऑक्टोबरात, दर फुटाला एक किलो कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. युरियाचा मारा केला तर लुसलुशीत वाढ होते आणि तिच्यावर मावा बसतो.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यावर लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, त्यामुळे हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग होत नाही, तोही तसाच अडकतो. तो फवारायचा: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी, दहा दिवसांनी पुन्हा. भिंत आणि फरशी झाकून घ्या, गंजाचे डाग निघत नाहीत.

पांढरा पिठ्या ढेकूण जास्वंदावर हमखास येतो. त्याला आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग ५ मिली कडुनिंबाचं तेल आधी १ मिली द्रवरूप साबणात घोटून एक लिटर पाण्यात मिसळा आणि फवारा. आठवड्याने पुन्हा. ढेकणांच्या ओळीबरोबर मुंग्या चढताना दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या ढेकूण एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात.

खरी शत्रू अमरवेल. डुरांटा आणि कोयनेलीवर पिवळ्या दोऱ्यांसारखी दिसली की त्याच दिवशी काम करा. नुसती ओढून काढली तर फांदीत रुतलेला तुकडा राहतो आणि पुन्हा वाढतो. वेल चिकटली आहे त्याच्या अर्धा फूट खालून फांदीच कापा, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि उन्हात वाळवा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.

जुनं, बुडाशी उघडं कुंपण

कोयनेल, मेंदी, जास्वंद असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पहिला पाऊस झाल्यावर, सरळ एक फुटावर करवतीने कापा. अंगठ्याहून जाड फांदीला कात्री लावू नका, लाकूड चिरतं. कापण्याच्या महिनाभर आधी खत आणि पाणी दिलेलं असावं. कामिनी एकदम कापू नका. या वर्षी रस्त्याची बाजू, पुढच्या वर्षी घराची.

मधे एक-दोन झाडं मेली असतील तर नवीन रोप आणण्यापेक्षा दाब कलम करा. शेजारच्या झाडाची खालची, लवचीक फांदी भोकाकडे वळवा. मधल्या भागातली साल खालच्या बाजूने इंचभर खरवडा, तेवढा भाग तीन इंच मातीत दाबा आणि वर वीट ठेवा. शेंडा बाहेर उभा बांधा. पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. हलकं ओढून बघितल्यावर फांदी जागची हलली नाही तर मूळ झाडापासून ती तोडा, आणि पंधरा दिवसांनी तिलाही सहा इंचांवर कापा.